रिमॅपचं नंतर बघू, आधी ब्रेक सोडता कसा ते सांगा

प्रश्न खारघरहून आलाय. थोडक्यात असा: पोलो जीटी, १.० टीएसआय (छोटं टर्बो पेट्रोल इंजिन), कंपनीतून आली तशीच, टायर बऱ्यापैकी. चेन्नईच्या ट्रॅकवर तीन आणि कोइम्बतूरला एक असे चार ट्रॅक-डे झाले, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस. चेन्नईला सगळ्यात चांगला लॅप (ट्रॅकची एक फेरी) २ मिनिटं १९.२ सेकंद, आणि गेल्या दोन खेपांत तो तसूभरही हललेला नाही. त्याच दिवशी तशीच पोलो घेऊन आलेले एक गृहस्थ २:१५ काढत होते. हाताशी थोडे पैसे आहेत. रिमॅप करावा (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवावी), सस्पेन्शन बदलावं, की आणखी चिकट टायर घ्यावेत?

शेवटच्या सत्रातले सातही लॅप तुम्ही लिहिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त बेस्ट लॅप सांगतात आणि उरलेले सोयीस्कर विसरतात. तुमचे सात असे: २:२४, २:२१, २:१९.२, २:२६, २:२०, २:२३, २:२२. यांची सरासरी २:२२ येते. रागावू नका, पण तुम्ही सध्या २:२२ चे ड्रायव्हर आहात आणि एकदा २:१९ लागून गेला. त्या गृहस्थांच्या मागे तुम्ही चार सेकंद आहात. स्वतःच्याच बेस्टच्या मागे मात्र, सर्वात वाईट लॅपला, जवळजवळ सात.

त्या सात लॅपमध्ये इंजिन तेच होतं, टायर तेच, सस्पेन्शनही तेच. बदलत होता तो चालवणारा. रिमॅप केलात तर हाच पसारा कदाचित २:१८ ते २:२५ असा होईल, आणि वेगाने पोचल्यामुळे त्याच चुका जरा जास्त महाग पडतील.

हे अगदी सरसकट नाही, तेही सांगतो. सातपैकी दोन लॅपमध्ये तुम्हाला ट्रॅफिक लागलं असेल, पुढच्या गाडीने लवकर वाट दिली नसेल. रस्त्यावरचे टायर तीन-चार लॅपनंतर तापून ढिले पडतात, म्हणून बेस्ट लॅप तिसरा असणं हे अगदी नेहमीचं. चेन्नईच्या उन्हात छोटं टर्बो इंजिनही दुपारी सकाळइतकं ओढत नाही. आणि ते २:१५ वाले गृहस्थ! त्यांची गाडी ‘तशीच’ होती हे तुम्हाला त्यांनीच सांगितलं ना? ट्रॅक-डेला ‘स्टॉक आहे’ हे वाक्य आणि लग्नाच्या स्थळात ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ हे वाक्य, दोन्ही मी सारख्याच आदराने ऐकून घेतो. तेव्हा त्यांना बाजूला ठेवू. तुमची तुलना तुमच्या २:१९ शी.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. वीसेक वर्षं ट्रॅकवर जातोय, आणि गेली आठ-नऊ वर्षं स्वतः चालवण्यापेक्षा नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर जास्त बसतो. त्या सीटवरून एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे की तुमचा व्हिडिओ न बघताही पैज लावायला तयार आहे. तुम्ही ब्रेक उशिरा आणि जोरात मारता. ते तुम्हाला जमतंही. पण सोडताना पाय झटकून सोडता.

मीही तेच करायचो. माझ्या पहिल्या काही वर्षांतले पैसे एक्झॉस्ट, स्प्रिंगा आणि रुंद चाकं यांत गेले. आधी कळस मग पाया. लॅप टाइम थोडाफार हलला, मग थांबला. मग कोइम्बतूरला एक जुने रेसर शेजारी बसायला तयार झाले. तीन लॅप ते एक अक्षर बोलले नाहीत. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत) आल्यावर मी विचारलं, वळणातली लाइन कशी वाटली? ते म्हणाले, लाइनचं सोडा, माझं डोकं बघितलंत का? प्रत्येक वळणाआधी पुढे जातं, मग धाडकन मागे आदळतं, मग तुम्ही स्टिअरिंग वळवता. गाडीचंही तेच होतंय.

मला ते कळायला त्या दिवशीची दुपार लागली. तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं दुखणं इथेच आहे.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या दोन टायरवर येतं, नाक खाली बसतं. वजन आलं की त्या टायरची पकड वाढते. पोलो पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. वळवायचं पुढच्यांनी, ओढायचंही पुढच्यांनी, आणि ब्रेकचं बरंचसं कामही त्यांच्याच गळ्यात. म्हणजे वळायच्या क्षणी पुढे वजन असणं हे तुमच्या गाडीला सर्वात गरजेचं. तुम्ही काय करता? सरळ रेषेत जोरात ब्रेक, मग पाय एकदम वर. नाक उसळतं, वजन मागे जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही स्टिअरिंग वळवता. पुढच्या टायरवर भार नाही, म्हणून गाडी वळायच्या ऐवजी बाहेर सरकते. तुम्ही आणखी स्टिअरिंग देता. तरी नाही. मग वाट बघता. पाय ब्रेकवर नाही, ॲक्सिलरेटरवरही नाही, नुसता हवेत. शेवटी कंटाळून ॲक्सिलरेटर देता, तर पुढची चाकं आणखी बाहेर धावतात. मग तुम्ही म्हणता, गाडी अंडरस्टिअर फार करते (वळवली तरी बाहेर सरकते), सस्पेन्शन बदलू का?

हवेतल्या पायाची किंमत काढू. समजा सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग १५० आणि वळणात ७५. १५० च्या वेगाने १० मीटर जायला पाव सेकंदही लागत नाही. ७५ च्या वेगाने त्याच १० मीटरला अर्धा सेकंद जातो. म्हणजे गरजेपेक्षा १० मीटर आधी वेग उतरवून नुसतं घरंगळलात, तर एका वळणाला पाव सेकंद गेला. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वळणं १२. त्यातली नीट ब्रेक लागणारी सहा जरी धरली तरी दीड सेकंद. आणि हे फक्त १० मीटरचं. नवशिक्यांच्या जीपीएसने काढलेल्या वेगाच्या आलेखांत मी २०-२५ मीटर नुसतं घरंगळणं सर्रास पाहतो, आणि ते स्वतःला ‘लेट ब्रेकर’ समजत असतात.

तेव्हा उपाय ‘अजून उशिरा ब्रेक मारा’ हा नाही. ब्रेकचा पॉइंट आत्ता आहे तिथेच ठेवा. सुरुवातीचा दाबही तोच. फक्त सोडताना पाय उचलू नका, विरघळू द्या. स्टिअरिंग जसजसं वळत जाईल तसतसा ब्रेक सुटत जाईल, आणि पाय पूर्ण मोकळा होईल तो एपेक्सच्या, म्हणजे वळणाच्या सर्वात आतल्या बिंदूच्या, थोडा आधी. टायरजवळ पकड ठरावीक असते. ती सगळी ब्रेकला द्या, सगळी वळण्याला द्या, नाहीतर वाटून द्या. ब्रेकचा हिस्सा कमी होतो तेवढाच वळण्याला मिळतो. हात आणि पाय एकाच दोरीला बांधलेत असं समजा, हात जेवढा वळेल तेवढा पाय वर.

पहिल्या सत्रात तुम्ही हळू व्हाल. वळणाच्या मधोमध पोचल्यावर वाटेल, अरे, एवढा वेग कमी करायची गरजच नव्हती. ते वाटलं की काम झालं. पुढच्या वेळी ब्रेक किंचित हलका लागेल किंवा दोन-तीन मीटर पुढून लागेल, आणि तेही तुम्ही ठरवून नाही, आपोआप. ब्रेकचा पॉइंट असा सरकला पाहिजे. शेजारच्याचं बघून सरकवलेला पॉइंट गवतात घेऊन जातो.

एक इशारा. वळणात ब्रेकवर पाय ठेवला की मागचा भाग हलका होतो. पाय दचकून हलला तर गाडी मागून सुटू शकते, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी कधी गिरकी घेत नाही हा गैरसमज आहे. म्हणून हे शिकायचं ते एकाच हळू वळणावर, जिथे बाहेर भरपूर मोकळी जागा आहे. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, चालूच ठेवा. सरळ पट्ट्यानंतरच्या वेगवान वळणावर हा प्रयोग पहिल्या दिवशी करायचा नाही, म्हणजे नाही. एका दिवसात एकच वळण दुरुस्त झालं तरी चेन्नईचं भाडं वसूल झालं समजा.

आता सराव कुठे करायचा. आपल्या इथे लोकांना सराव म्हटलं की पाम बीच रोड आठवतो. तिथे नको, येऊरला नको, घोडबंदरला तर नकोच. वेगाचा सराव रस्त्यावर होत नाही, फक्त अपघात होतात. पण ब्रेक सोडण्याचा सराव कायदा पाळून, चाळीसच्या वेगात, रोज होतो. तुम्ही खारघर ते ऐरोली रोज जाता असं लिहिलंय. ठाणे-बेलापूर रोडवर एका फेरीत किती वेळा थांबता ते मोजा. प्रत्येक थांबा म्हणजे एक रियाझ. आरसा बघा, मागे एनएमएमटीची बस चिकटलेली नाही ना याची खात्री करा, आणि गाडी अशी थांबवा की थांबायच्या क्षणी शेजारच्याची मान हलता कामा नये. शेवटच्या दोन मीटरमध्ये दाब अगदी नखाएवढा उरला पाहिजे.

माझी परीक्षा घरचीच असते. बायको अलिबागहून माहेरचं कालवण कडीच्या डब्यातून आणते आणि डबा पायाशी ठेवते. पेणपासून ठाण्यापर्यंत रस्सा झाकणाबाहेर आला नाही, तर मी पास. ट्रॅकवर स्वतःला शूर समजणारी किती पोरं या परीक्षेत नापास होतील! रेसिंगमध्ये पायगुण हा शब्द शब्दशः घ्यायचा असतो.

भाड्याच्या कार्टिंगचाही चांगला उपयोग होतो, मजा म्हणून नाही, पायासाठी. भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. वळणात पाय दचकला की ती लगेच गिरकी घेते, म्हणजे चुकीची पावती जागच्या जागी मिळते. सिम्युलेटर घरी असेल तर तोही चालेल, पण त्याचं ब्रेक पेडल जोर मोजणारं हवं, अंतर मोजणारं नको. खऱ्या गाडीत पायाला जोर लक्षात राहतो, पेडल किती सेंटिमीटर गेलं ते नाही.

ब्रेकच्या खालोखाल नजर. तिच्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण पाय सुधारला की ती निम्मी आपोआप सुधारते. घाबरलेला माणूस बॉनेटपुढचे पंधरा मीटर बघतो. ब्रेक लावताना नजर वळायच्या जागेवर, वळायला लागल्यावर एपेक्सवर, एपेक्स यायच्या आधीच बाहेर पडायच्या जागेवर. हात नजरेच्या मागे जातात. आणि एपेक्स तुम्हाला वाटतो त्याहून जरा उशिरा घ्या, निदान लांब सरळ पट्ट्याच्या आधीच्या वळणावर. तिथे आत शिरताना थोडं गमावलं तरी चालतं. बाहेर पडताना मिळवलेला ताशी दोन-तीन किलोमीटरचा वेग पट्टाभर पुरतो.

आता गाडी. तुम्ही न विचारलेला, पण सर्वात आधी पैसे टाकायचा मुद्दा म्हणजे ब्रेक ऑइल.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. कोरड्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते ते वेगळं सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. शहरात ब्रेकमधलं ऑइल १५५ अंशांपर्यंत तापत नाही, म्हणून काही कळत नाही. ट्रॅकवर चौथ्या लॅपला तापतं, उकळतं, पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट जमिनीला टेकतं.

माझं टेकलंय. पावसाळ्यानंतरचा पहिला ट्रॅक-डे होता. निघायच्या आधी गाडी गॅरेजला दाखवली होती. तिथे सांगितलं, ऑइल बघितलं, कमी होतं ते भरलं. मी ‘भरलं’ म्हणजे ‘बदललं’ असं ऐकलं. चूक माझीही तितकीच. सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल खाली गेलं, दोन-तीनदा पंप करून थोडंसं आलं, आणि मी गवतातून लांबवर जाऊन थांबलो. गाडीला काही झालं नाही, मला काही झालं नाही. पण तेव्हापासून ऑइल मी समोर उभा राहून बदलून घेतो, सीलबंद डबा फोडून, चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपातली हवा काढून. उघडा पडलेला जुना डबा वापरू देत नाही, त्यातही ओल शिरलेली असते. तुम्ही दर ट्रॅक-डेच्या आधी बदला. त्याच वेळी पॅड किती उरलेत तेही बघा. ट्रॅकसाठीचे पॅड आत्ता परवडत असतील तर रिमॅपच्या आधी ते.

टायरमधली हवा. घरून निघताना ३२ पीएसआय भरलीत आणि ट्रॅकवर पुन्हा मोजलीच नाहीत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तापल्यावर ती चार-सहा पॉइंट सहज चढते, टायर फुगतो आणि मधल्या पट्ट्यावरच उभा राहतो. स्वतःचा गेज ठेवा. पिटमध्ये आल्या आल्या, गाडी गार व्हायच्या आत मोजा आणि वहीत लिहा. नेमका आकडा टायरवर अवलंबून आहे, म्हणून मी सांगत नाही. एक-एक पॉइंट कमी-जास्त करून वेळ आणि टायरच्या खांद्यावरची झीज बघा. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर पुढचा डावा टायर सर्वात जास्त भोगतो, आधी तो बघायचा. सत्र संपताना शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू काढा, आणि उभी करताना हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये) ठेवा, चाकाला दगड लावा. चाकांचे बोल्ट पान्याने तपासा, पहिल्या सत्रानंतर तर नक्कीच.

एक रुक्ष गोष्ट सांगून टाकतो, कारण कोणी सांगत नाही. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीच्या अटी वाचा. शर्यती आणि वेगाच्या चाचण्या त्यात वगळलेल्या असतात. ट्रॅकवर आपटली तर खर्च तुमच्या खिशातून असं धरूनच चालवा. शिवाय तीच गाडी तुम्हाला परत घरी आणायची आहे. पनवेलहून आपण ज्या ४८ क्रमांकाच्या महामार्गाने कोल्हापूर-बेळगावकडे जातो तोच पुढे बंगळूरवरून थेट इरुंगट्टुकोट्टईला, ट्रॅकपाशी जातो. बाराशेच्या वर किलोमीटर. परतीला पॅड संपलेले असले की तो फार लांब वाटतो.

मग तुमच्या मूळ प्रश्नाचं काय? तिन्हींत निवडायचंच असेल तर टायर, पण आत्ताचे झिजल्यावर. चिकट टायर चूक झाकतो, आणि तुम्हाला सध्या चूक दिसायला हवी आहे. सस्पेन्शन त्यानंतर. घोडबंदरचे आणि तुमच्या सोसायटीबाहेरचे खड्डे लक्षात घेऊन विचार करा, कडक स्प्रिंगांवर रोज ऑफिसला जायचंय. रिमॅप सर्वात शेवटी. वॉरंटी उरली असेल तर तीही हिशेबात धरा.

त्याऐवजी दोन गोष्टींवर खर्च करा. एक, पुढच्या खेपेला शेजारी बसणारा प्रशिक्षक, निदान दोन सत्रांसाठी. दुसरी, बाहेरून लावायचं जीपीएस. तुम्ही फोनवर रेसक्रोनो हे लॅप मोजायचं ॲप वापरता ते उत्तम, पण फोनचं स्वतःचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा नोंदवतं. ताशी १४४ ला तुम्ही सेकंदाला ४० मीटर जाता. म्हणजे तुमचा सगळा ब्रेकिंगचा भाग दोन-तीन ठिपक्यांत संपतो, त्यात काय दिसणार? सेकंदाला दहा वेळा नोंदवणारं यंत्र दर चार मीटरला ठिपका देतं. मग वेगाच्या आलेखात बघा. ब्रेक सुटल्यावर आणि ॲक्सिलरेटर लागायच्या आधी रेषा आडवी पडते का? ती आडवी रेषा म्हणजे तुमचा हवेतला पाय. गोलसर दरी हवी, सपाट तळाची परात नको.

आणि पुढच्या ट्रॅक-डेला पहिली दोन सत्रं बेस्ट लॅप बघूच नका, पडदा झाकून टाका. ठरवा की सलग पाच लॅप एका सेकंदाच्या आत आणायचे, मग ते २:२३ चे का असेनात. तुमच्या वयाची, तुमच्याच सारखी गाडी असलेली तीन-चार मुलं मी अशी पाहिली आहेत, ज्यांनी २:२३ घट्ट पकडला आणि त्याच दिवशी संध्याकाळी, जोर न लावता, जुना बेस्ट मोडला. सगळ्यांचं असं होईल असं नाही. काहींना दुसरा दिवस लागतो. एकाला वर्ष लागलं, पण तो सत्राच्या मध्ये सारखा यूट्यूब बघायचा.

गेल्या खेपेची रेसक्रोनोची फाइल फोनमध्ये असेल तर पाठवा. ठिपके विरळ असले तरी २:१९ आणि २:२६ हे दोन लॅप एकावर एक ठेवले की कुठल्या वळणांवर ते वेगळे होतात ते दिसेल. सोबत प्रत्येक सत्रानंतरची टायरमधली हवा लिहिली असेल तर ती, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं त्याची तारीख. तारीख आठवत नसेल तर फाइल नंतर पाठवा, आधी ऑइल बदला.